मुलगा शांत हवा

ताईने केलेला बायोडेटा भाचीला मुळीच पसंत पडला नव्हता. वर गणपतीचं चित्र, त्याखाली 'श्री गजानन प्रसन्न', मग नाव, रास, गण, नाडी, आणि 'स्वभाव' या शब्दापुढे फक्त 'मनमिळाऊ'. "मनमिळाऊ काय, मावशी? कुठल्या बायोडेटातली मुलगी मनमिळाऊ नसते सांग," असं म्हणत ती रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. एका विवाहाच्या वेबसाइटवर तिला स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं. तिथे दोन रिकामे चौकोन होते, एक स्वतःबद्दलचा आणि एक जोडीदाराकडून असलेल्या अपेक्षांचा. मी चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचून घातलं, चहा गाळून बाहेर आणला, तोवर तिचा अपेक्षांचा चौकोन भरूनही झाला होता. 'मुलगा शांत स्वभावाचा, समजूतदार, पेशन्स असलेला हवा. तापट नको. मला सांभाळून घेणारा असावा.' स्वतःबद्दलचा चौकोन मात्र जेवायची वेळ झाली तरी कोराच. दोनदा 'मी एक' असं लिहून तिने खोडलं. शेवटी लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मला माझ्याबद्दल काही सुचतच नाही गं. तूच लिही ना."

मी काहीतरी बरं लिहून दिलं. पण तिचं सगळं लिहून झालेलंच आहे, फक्त चौकोन चुकलाय, असं मला वाटत राहिलं.

सांभाळून घेणारा. कोणाला सांभाळून घेतात? आजाऱ्याला, हट्टी पोराला, शिंगं उगारणाऱ्या गाईला. माझी भाची एका कंपनीत मोठी टीम सांभाळते. परदेशातल्या क्लायंटचे फोन रात्री अकराला येतात तेव्हा तिचा आवाज कसा असतो ते मी ऐकलंय. इतका सपाट, इतका सभ्य, की आपल्यालाच जांभई यावी. त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरवाल्याशी बोलायला सगळे तिलाच पुढे करतात, कारण ती भांडत नाही आणि पाणी मात्र येतं. तरी घरात विचारलंत तर ती 'तडकू'. याचा उगम मला माहीत आहे, कारण तेव्हा मी तिथेच होते. बारशाच्या आधी पत्रिका करून आणली. चित्रा नक्षत्र, राक्षसगण. माझ्या आईने कौतुकानेच, तिच्या टाळूला तेल घालता घालता म्हटलं, "राक्षसगणी आहे हो आमची ठमाकाकू." पुढे तिने शाळेत असताना एकदा दार आपटलं, त्याची गोष्ट झाली. परीक्षेच्या दिवसांत वरणाची वाटी सरकवली, त्याचीही झाली. तिच्या भावाने याहून मोठ्या आवाजात याहून अधिक वस्तू आपटल्या, पण त्याच्या पत्रिकेत देवगण होता, म्हणून ते सगळं 'त्याचं डोकं दुखत असेल' या खात्यात गेलं.

पत्रिका जुळवताना 36 गुणांतले 6 या गणाचे असतात. सत्तावीस नक्षत्रांची तीन गटांत सरळ वाटणी, नऊ देव, नऊ मनुष्य, नऊ राक्षस. म्हणजे या हिशोबाने आपल्यातला साधारण तिसरा माणूस राक्षसगणी निघणार, आणि पाळण्यात असतानाच त्याच्या स्वभावाचा निकाल लागलेला असणार. माझा यावर विश्वास नाही असं मी सांगते, आणि माझी स्वतःची पत्रिका कुठल्या कपाटात कुठल्या फाईलमध्ये आहे हे मला झोपेतही सांगता येतं. विश्वासाचं जाऊ द्या. मुद्दा असा की पत्रिका खोटी असली तरी तिच्यावरून वीस-पंचवीस वर्षं होत राहिलेली थट्टा खरी असते. ती मुलीच्या अंगात मुरते. मग लग्नाची वेळ आली की ती स्वतःला हाताळायला कठीण वस्तू समजून, तिला झेलू शकेल असा माणूस शोधायला लागते.

अशा रकान्यांशी माझी जुनी ओळख आहे. माझी आत्या एका विवाह मंडळात काम करायची आणि कॉलेजात असताना रविवारी मी तिच्याबरोबर जायची. शाळेचा वर्ग भाड्याने घेतलेला, बाकांवर मुलांच्या आणि मुलींच्या वेगळ्या फायली, फायलींना डिंकाचा आणि दमट कागदाचा वास. फोटो स्टुडिओत काढलेले, मागे प्लॅस्टिकचं झाड किंवा रंगवलेला जिना. आईवडील वह्या घेऊन येत आणि नोंदणी क्रमांक उतरवून नेत. मला काम होतं फॉर्म नीट भरलाय का पाहायचं. शिक्षण, पगार, उंची, वर्ण हे सगळं लोक विचार करून, कधी थोडं वर सरकवून लिहीत. अपेक्षांच्या रकान्याशी पोचले की मात्र सावधपणा गळून पडायचा, कारण तिथे आपण दुसऱ्याबद्दल लिहितोय असं त्यांना वाटायचं. आत्या फॉर्म उलटा, शेवटच्या पानाकडून वाचायची. "आधी याला काय हवंय ते बघावं, मग हा कोण आहे ते कळतं," असं ती म्हणायची आणि चष्मा पुसायची.

'साधी मुलगी हवी' लिहिणारे पुष्कळ असत. त्यातल्या काहींना खरोखरच साधेपणाची आवड होती. चाळीत वाढलेले, स्वतःच्या दोन शर्टांचा अभिमान असलेले. पण काहींच्या साधेपणाच्या मागणीत वेगळी भीती होती, ती त्या वयातही मला कळायची. आपण काही फार खास नाही, उजळ बायको शेजारी उभी राहिली तर आपण दिसणारच नाही, असं ज्याला आतून वाटतं तो 'साधी' लिहितो आणि ते संस्कारांच्या नावावर खपवतो. उलटही होतं. घुम्या, मान खाली घालून बसणाऱ्या मुलाच्या फॉर्मवर हमखास 'बोलकी, हसतमुख' असायचं. त्याला बायको हवी होतीच, शिवाय पाहुण्यांशी बोलायला, नातेवाइकांच्या लग्नात पुढे व्हायला एक माणूस हवं होतं. एकाने 'गाणारी' लिहिलं होतं. आत्याने विचारलं, तुम्हाला गाण्याची आवड आहे का? तो लाजून म्हणाला, लहानपणी शिकायचं होतं, घरी पेटी घेण्याइतके पैसे नव्हते. मनोविश्लेषक फ्रॉइडने 1914 मध्ये लिहून ठेवलंय की काही माणसं प्रेमात स्वतःलाच शोधतात. आपण जसे आहोत तसं, जसे होतो तसं किंवा जसे व्हायचं होतं तसं कोणीतरी. त्या गाणारी मागणाऱ्या मुलाला फ्रॉइड ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की विरुद्ध स्वभावांचं छान जमतं. तो गरम तर ती नरम, ती उधळी तर तो चिकट. नेदरलँड्समधल्या पीटरनेल डायक्स्ट्रा आणि डिक बॅरेल्ड्स या दोन संशोधकांनी 2008 मध्ये एका डेटिंग साइटच्या सदस्यांना हेच विचारून पाहिलं. सारखा जोडीदार हवा की पूरक? बहुतेकांनी पूरक म्हणून सांगितलं. मग त्यांना स्वतःचा स्वभाव आणि मनातल्या जोडीदाराचा स्वभाव वेगवेगळा नोंदवायला लावला, तेव्हा दोन्ही वर्णनं एकमेकांशी चांगलीच जुळत होती. मला हे वाचून आत्याच्या फायली आठवल्या. 'वेगळ्या विचारांची मुलगी हवी' लिहिणाऱ्याला आपण वेगळ्या विचारांचे आहोत असं वाटत असतं. तिचे विचार त्याच्याहून वेगळे असावेत असा त्याचा अर्थ मुळीच नसतो, आणि हे त्याला लग्नानंतर पहिल्या निवडणुकीत कळतं.

पण माझ्या मनाला जास्त चाटून गेलं ते दुसरंच एक संशोधन, अमेरिकेतल्या विल्यम स्वान यांचं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत वाईट आहे अशा विवाहित माणसांची आपल्याबद्दल वाईट मत असलेल्या जोडीदाराशी बांधिलकी अधिक असते, असं 1992 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. चांगलं मत असणाऱ्याशी कमी. दोन वर्षांनी त्यांनी असंही नोंदवलं की लग्नाआधीच्या गाठीभेटींच्या काळात माणसाला कौतुक करणारा जवळचा वाटतो, आणि लग्न झालं की आपण स्वतःला जसे समजतो तसंच आपल्याला ओळखणारा. प्रथम हे मला उलट्या काळजाचं वाटलं. मग ऑफिसातली एक मैत्रीण आठवली. देखणी नव्हती, पण तिच्या हातात काम दिलं की पुन्हा बघावं लागायचं नाही, आणि हसायची अशी की आजूबाजूची टेबलं वळून बघायची. तिला एक स्थळ आलं होतं, मुलगा तिच्यावर बेहद्द खूश. तू किती छान बोलतेस, तुझे डोळे किती बोलके आहेत. तिने नकार दिला. कॅन्टीनमध्ये डबा उघडून आम्ही तिच्यावर तुटून पडलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तो खोटं बोलतोय. नाहीतर त्याला माणसं कळत नाहीत. दोन्ही वाईटच." पुढे तिने ज्याच्याशी लग्न केलं तो चारचौघांत तिची वाक्यं दुरुस्त करतो. भाजीत मीठ कमी आहे हे पाहुण्यांच्या आधी तो सांगतो. "निदान खरं तरी बोलतो," ती म्हणते, आणि तिच्या आवाजात एक विचित्र सुरक्षितपणा असतो. मी कितीदा तरी ठरवलं की यावर तिच्याशी बोलायचं. काय बोलणार? जो तिला तिच्या मनातल्या फोटोशी जुळवून बघतो त्याच्याबरोबर ती निवांत आहे. तो फोटोच वाईट निघालाय हे सांगायला पस्तीस वर्षं मागे जावं लागेल, तिला आणि तिच्या धाकट्या गोऱ्या बहिणीला शेजारी शेजारी बसवून दृष्ट काढणाऱ्या बायकांपर्यंत.

हल्लीच्या मुलांच्या अपेक्षा वाचून माझ्या वयाच्या बायका चिडतात. भाचीबरोबर मीही चाळून पाहिल्या. 'करिअर ओरिएंटेड असावी, घरच्यांना वेळ देणारी असावी.' 'स्वतंत्र विचारांची, आईबाबांबरोबर राहण्याची तयारी असणारी.' याला ढोंग म्हणणं सोपं आहे, आणि काही ठिकाणी ते ढोंगच असतं. पण पुष्कळदा त्या मुलाच्या मनात स्वतःच्या दोन तसबिरी असतात. एक आधुनिक, बायकोला बरोबरीने वागवणाऱ्या पुरुषाची. दुसरी आईचा शब्द खाली पडू न देणाऱ्या मुलाची. दोन्ही त्याला मनापासून आवडतात आणि दोन्ही त्याला खऱ्याच वाटतात. त्या दोघांचा मेळ घालण्याचं काम त्याला स्वतःला जमलेलं नसतं, म्हणून तो ते अपेक्षांच्या रकान्यात, अजून न भेटलेल्या मुलीच्या नावे टाकून मोकळा होतो.

हे काही आजचं नाही. न्यायमूर्ती रानड्यांचंच बघा. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, बोलणं लिहिणं सगळं त्या बाजूने. 1873 मध्ये पहिली पत्नी वारली तेव्हा आता हे विधवेशीच लग्न करणार अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी अकरा वर्षांची रमाबाई पसंत केली आणि एकतीस वर्षांच्या माधवरावांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. सुधारक आणि आज्ञाधारक मुलगा या दोन प्रतिमांची झटापट झाली आणि दुसरी जिंकली. मग पहिलीचं काय? ती त्यांनी रमाबाईंना शिकवण्यात उतरवली, रोज, चिकाटीने, घरातल्या बायकांचा राग पत्करून. रमाबाई पुढे केवढ्या मोठ्या झाल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मला नेहमी वाटतं की त्या धुळाक्षरांत नवऱ्याच्या स्वतःशी चाललेल्या भांडणाचाही थोडा हिशोब होता. धोंडो केशव कर्व्यांना असा हिशोब करावा लागला नाही. पत्नी गेल्यावर त्यांनी विधवेशीच लग्न करायचं ठरवलं, 1893 मध्ये गोदूबाईंशी केलं, आणि मुरुडच्या लोकांनी वाळीत टाकलं ते सोसलं. माणूस स्वतःला जे समजतो तेच निवडतानाही असतो, हे फार थोड्यांना परवडतं.

आणि गोपाळराव जोशी? बायकोला शिकवू द्याल तरच लग्न, ही अट घालून नऊ वर्षांच्या यमुनेशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, लग्न करणारे पोस्टातले कारकून. त्यांना बायको हवी होती त्याहून जास्त शिकलेली बायको हवी होती, आणि त्याहूनही जास्त, जगाच्या नाकावर टिच्चून बायको शिकवणारे गोपाळराव हवे होते, असं माझं मत आहे. अभ्यासासाठी मारहाण केली. त्या जुन्या माराबद्दल आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांना पत्रात लिहिलं. 1886 मध्ये फिलाडेल्फियाला तिला डॉक्टरची पदवी मिळाली तेव्हा ते समारंभाला हजर होते. पुढल्या फेब्रुवारीत ती गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या हट्टाशिवाय ती तिथवर पोचली नसती हे खरं, आणि तो हट्ट स्वतःवरच्या प्रेमातून आला होता हेही मला खरं वाटतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं याची मला अजून सवय व्हायची आहे.

तर, भाची. तिला शांत मुलगा मिळाला, म्हणजे भेटला. कॉफी शॉपमध्ये दीड तास. मी उत्सुकतेने फोन केला. "खूपच शांत आहे," ती म्हणाली, आणि पुढे थांबली. त्याने मेनू कार्ड तिच्याकडे सरकवलं, काय मागवायचं ते तिने ठरवलं, वेटरने चुकीचं आणलं तेव्हा बदलून आणायला तिनेच सांगितलं, विषय तिने काढले, बिल मागायला हातही तिनेच वर केला. तो हसत होता. चांगला मुलगा होता गं, असं ती दोनदा म्हणाली. चार दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला की मुलगी छान आहे, पण जरा तेज वाटली.

ताईने हा निरोप जसाच्या तसा तिला सांगितला. मी असते तर गाळून सांगितला असता. भाचीला वाईट वाटलं नाही, हेच मला वाईट वाटलं. "बघ, मी सांगत होते ना," एवढंच ती म्हणाली, जणू एखाद्या टेस्टचा रिपोर्ट अपेक्षेप्रमाणे आला. मला तिला ओरडून सांगायचं होतं की बाई, इतक्या गप्प माणसाशेजारी कोणाचाही साधा आवाज चढलेलाच वाटणार. तू स्वतःला तापट समजतेस म्हणून शांत माणूस शोधतेस, आणि त्याच्या शांततेत तुझं 'कॉफी बदलून आणा' हे भांडणासारखं ऐकू येतं, आणि मग तू तापट आहेस हे पुन्हा एकदा सिद्ध होतं. याच्यातून बाहेर पडायला शांत मुलगा उपयोगाचा नाही. खरं तर तिला एखादा खणखणीत बोलणारा, टेबलावर हात आपटून हसणारा मुलगा भेटायला हवा, ज्याच्या घरी तिच्याकडे बघून सासू म्हणेल, किती शांत आहे हो मुलगी. हे मी तिला फोनवर सांगितलंही. ती खूप हसली. "असला मुलगा मला झेपेल का, मावशी?" म्हणाली. प्रोफाइलमधलं 'सांभाळून घेणारा' तिने अजून काढलेलं नाही, मी कधीमधी जाऊन बघते. ते काढ म्हणून सांगण्याचा मला अधिकार आहे का, हे मला ठरवता येत नाही. आई तिच्या टाळूला तेल घालताना 'राक्षसगणी' म्हणाली तेव्हा मीही हसलेच होते.

त्या रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं, लग्नाच्या वेळी तू काय अपेक्षा लिहिल्या होत्यास? इतक्या वर्षांत हे कधी विचारलंच नव्हतं. माझ्या अपेक्षा त्याला पाठ आहेत, कारण मी 'वाचनाची आवड असलेला' असं ठळक लिहिलं होतं आणि हा वर्तमानपत्राचं क्रीडा पानच वाचतो. मी तेव्हा स्वतःला फार वाचणारी समजायची. तो आठवत राहिला. आमटीचा भुरका मारून म्हणाला, "बाकी सगळं आईने लिहिलं होतं. मी एकच सांगितलेलं. मुलगी पाच-दोनच्या वर नको."

"का?"

"का म्हणजे? मी पाच-पाच. शाळेत बुटक्या म्हणायचे मला."

माझी उंची पाच-चार आहे. बायोडेटात भावाने पाच-दोन लिहिली होती, हे मला माहीत होतं. भावाला कोणी सांगितलं असेल ते मला त्या क्षणी कळलं, कारण मध्यस्थ दोन्ही घरांच्या ओळखीचे होते. आणि आणखी एक. साखरपुड्याच्या खरेदीला लक्ष्मी रोडवर सासूबाईंनी माझ्यासाठी सपाट चपला काढायला लावल्या होत्या. तेव्हापासून मी जिला तिला सांगत आलेय की मला उंच टाचा आवडतच नाहीत, चालायला कशा सुटसुटीत हव्यात. मुलीला कॉलेजच्या गॅदरिंगला टाचांचे सँडल हवे होते तेव्हा तिलाही मी हेच ऐकवलं होतं.

मी हे सगळं त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग टेबलाखाली माझ्या पायांकडे. "मग घे की आता टाचांचे," तो म्हणाला, "मला आता काही वाटत नाही." त्याला वाटत नाही याचा मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. पण ऑर्थोपेडिकने मागच्याच महिन्यात गुडघ्यांसाठी सपाट चपलांशिवाय काही घालायचं नाही म्हणून बजावलंय.